सुतळीला शिजवलेलं चालत नाही

४ मार्च

छोट्या,

हे पत्र तुला घरी बोलवायला लिहिलेलं नाही. आधीच सांगते, नाहीतर पहिल्या ओळीवरच फाडून टाकशील. तुझा फोन लागत नाही. कंपनीच्या कचेरीत विचारलं, तर तिथली बाई म्हणाली, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरच्या लोकांचं टपाल आठवड्याच्या बोटीने जातं, पत्र टाका. म्हणून टाकलं. वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून लांब धर आणि वाचून संपव.

कुत्र्यांबद्दल लिहिते. या घरातलं तेवढंच तुला ऐकायचं असेल, असा माझा अंदाज.

भोपळा ठणठणीत आहे, नावाला जागतो. सुतळीचे मात्र तू गेल्यावर फार हाल झाले. तू आणून ठेवलेलं पाकिटातलं खाणं संपलं, दुसरं आणलं, तिसरं आणलं. दरवेळी तिला खाज सुटायची. पोटाखालची कातडी लालभडक, कानांतून पाणी, आणि शेपटीचे केस जाऊन नुसती दोरी उरली. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मग नानांनी काय केलं हे सांगितलं तर तू खरं मानणार नाहीस. 'या घरात एक तर कुत्री राहतील नाहीतर मी' म्हणून ज्या नानांनी तुझ्याशी महिनाभर अबोला धरला होता, त्यांनी अंगणात कोंबड्या पाळल्या. सुतळीसाठी! बागेत फिरायला येणाऱ्या कुणा म्हाताऱ्याने सांगितलं की त्याची कुत्री घरच्या कोंबडीचं कच्चं मांस खाऊन पंधरा वर्षं जगली. झालं. नानांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट बरी, ती निदान कुणाला तरी हाका मारू देते. शेजारच्या सुतारमामांना हाताशी धरून खुराडं बांधलं. त्याला दार कसलं लावलंय माहितेय? जुन्या लिफ्टचं सरकतं जाळीचं दार, लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीत असताना भंगारातून वाचवून ठेवलेलं. कोंबड्या बाहेर आल्या की नाना सवयीने म्हणतात, "दार नीट लावून घ्या."

जनावरांचे डॉक्टर नको म्हणाले होते. "कच्चं देऊ नका, उकडून द्या. कच्च्यात जंतू असतात. कुत्र्याला पचतील, घरातल्या माणसांना पचणार नाहीत." नाना म्हणाले, "कोल्ह्याच्या बिळात गॅस असतो का?" डॉक्टरांनी हात जोडले.

कोंबडी ते स्वतः कापतात, अंगणातल्या नळाजवळच्या दगडावर. बाजारातली आणायची नाही, तिला काय चारतात कोण जाणे. मी त्या वेळी आत मिक्सर लावते. कोंबड्यांना नावं द्यायची नाहीत असा त्यांचा नियम आहे. नाव दिलं की सुरी चालत नाही म्हणे. पंखांचे सांधे हातानेच मोडतात, हात नळाखाली धरल्यासारखे करतात, की झाले धुऊन. माना भोपळ्याला, पंख आणि काळीज सुतळीला. हाडांचा कडकड आवाज सुरू झाला की नाना कठड्यावर चहा घेऊन बसतात, नाटकाला आल्यासारखे.

आणि छोट्या, सुतळी बरी झाली. अंगावर केस आले. झोपेतलं खाजवणं थांबलं. गेल्या महिन्यात तिने पोस्टमनची पॅन्ट फाडली, इतकी बरी झाली. मग मी कुठल्या तोंडाने बोलणार?

तू दारात उभा राहून बापाला "आईला तुम्ही मारलंत" म्हणालास आणि निघालास, तेव्हापासून नानांनी तुझं नाव घेतलेलं नाही. पण तुझ्या कुत्र्यांचं ताट त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही. यातून काय समजायचं ते समज.

बाकी ठीक. नानांचं पोट मध्ये आठवडाभर बिघडलं होतं, आता बरं आहे. आज सकाळी पायरी चुकले. पायांना मुंग्या येतात म्हणाले. वय झालं, दुसरं काय.

उत्तराची वाट बघत नाही.

ताई


९ मार्च

छोट्या,

वय नव्हतं झालं.

पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नानांच्या हातातून कप निसटला. म्हणाले, कपच गुळगुळीत आहे. संध्याकाळी दुसरा निसटला. मग खुर्चीतून उठता येईना. "जरा हात दे गं" म्हणाले, आणि मी हात दिला तर तो त्यांना धरता आला नाही. नुसता माझ्या हातावर ठेवला गेला. ज्या हाताने पन्नास वर्षं लिफ्टचे लोखंडी दोर ओढले, तो हात. सुतारमामांनी टेम्पो काढला. मागे भुशात गादी टाकून नेलं त्यांना.

हॉस्पिटलातली डॉक्टर कोवळी पोर आहे. आमच्या चष्म्याच्या दुकानात तिच्या वयाच्या मुली पहिल्यांदा डोळे तपासायला येतात आणि रडतात. तिने गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसरा पायही नाही. तिने हातोडी खिशात ठेवली आणि विचारलं, "गेल्या काही आठवड्यांत जुलाब झाले होते का?"

"झाले होते."

"कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं चिकन खाण्यात आलं होतं का?"

मी हसले. हसले रे! म्हटलं, "हे नाही हो खात, आमची कुत्री खातात. हे फक्त कापतात."

ती हसली नाही.

मला समजलं तेवढं सांगते. कोंबडीच्या आतड्यात एक जंतू असतो. तिला त्याचं काही होत नाही. कापताना हाताला लागतो, हातावरून कपाला, कपावरून तोंडात. बहुतेकांना आठवडाभर जुलाब होतात आणि संपतं. पण हजारात एखाद्याच्या शरीरात त्या जंतूशी लढायला उठलेली फौज माघारी जातच नाही. जंतू मेला तरी ती घरच्याच नसा कापत सुटते. नक्की त्यानेच झालं का, हे तपासणीनंतरही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही म्हणाली, पण सगळं तिकडेच बोट दाखवतंय. हे पायांपासून सुरू होतं आणि वर वर चढत जातं.

नाना शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे एकेक मजला घेत चाललीय."

"हो काका."

"थांबणार कुठे?"

"ते आत्ता नाही सांगता येणार. छातीपर्यंत गेलं तर श्वासाचं मशीन लावावं लागेल. पण हे उतरतं, काका. वेळ लागतो, पण बहुतेकांचं उतरतं."

"बहुतेकांचं," नाना म्हणाले.

काल कमरेपर्यंत होतं. आज चमचा धरता येत नाही. पाच दिवसांची औषधाची सलाइन सुरू केलीय.

पहिल्या पत्रात म्हटलं होतं, तुला बोलवायला लिहीत नाही. ते खोडून टाक. ये.

ताई


१३ मार्च

छोट्या,

मशीन लागलं.

परवा दुपारी ते एका दमात एक ते दहा म्हणू शकत नव्हते. डॉक्टर दर तासाला म्हणायला लावत होती. सकाळी दहापर्यंत जायचे, मग सात, मग चार. आकडे चारवर आले तेव्हा ती बाहेर आली आणि म्हणाली, "आता थांबून चालणार नाही, घशात नळी घालतो. त्यानंतर त्यांना बोलता येणार नाही. काही बोलायचं असेल तर बोलून घ्या."

मी आत गेले. बापाशी शेवटचं बोलायचं असेल तर काय बोलतात रे? मी त्यांची चादर सारखी करत बसले. नानांनी ओठ हलवले. मी कान नेला. वाटलं, तुझं नाव घेतील. माझं घेतील. आईचं तरी घेतील.

म्हणाले, "सुतळीला... शिजवलेलं... चालत नाही. लक्षात ठेव."

मग नळी घातली.

मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले आणि मला इतका राग आला, इतका, की शेजारच्या पेशंटची बायको उठून दुसरीकडे गेली. कुत्री! जिच्या पायी हे सगळं झालं ती! आणि माझं काय? आई गेली, तू गेलास, मी दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या काचा घासून संध्याकाळी या माणसाला औषधं दिली, आणि त्याच्या शेवटच्या श्वासात जेवण कुणाचं, तर कुत्रीचं.

घरी येऊन अंगण धुतलं. डॉक्टरने सांगितलंय, दगड, नळ, सुरी, कुत्र्यांची ताटं, सगळं औषधाने घासून काढा. कच्चं पूर्ण बंद. कुत्र्यांच्या तोंडातून, विष्ठेतूनही येतं म्हणाली. मी घासत होते आणि सुतळी तिच्या रिकाम्या ताटाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती.

भात आणि उकडलेली अंडी घातली. भोपळ्याने दोन्ही ताटं चाटून साफ केली. तिने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. बरगड्या दिसायला लागल्यात. कोंबड्या आहेत तशा खुराड्यात आहेत. मला त्या कापता येत नाहीत आणि उपाशीही ठेवता येत नाहीत.

दुकानात आज एका माणसाची उजवी काच डावीकडे बसवली. मालकांनी माझ्या हातून फ्रेम घेऊन स्वतः नीट बसवली, तेच जास्त लागलं.

तुला ही पत्रं मिळतात की नाही?

ताई


१८ मार्च

छोट्या,

कुत्री मजेत आहेत. त्यांची काळजी करू नकोस.

नाना तसेच. आता पापण्या सोडून काही हलत नाही. पण आत सगळं जागं आहे, ऐकू येतं, दुखतं, कळतं. डॉक्टर म्हणते, तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, गळ्याला भोक पाडून तिथून श्वास द्यावा लागेल. छोटं ऑपरेशन आहे. पण त्यांचा रक्तदाब आणि नाडी सारखी वरखाली होतेय, त्यामुळे धोका आहे. सही मागितलीय. उद्या सांगते म्हटलं.

दुसरं लिहिण्यासारखं काही नाही.

ताई


२१ मार्च

छोट्या,

कुत्री मजेत नाहीत. कुत्री घरातच नाहीत. मी सोडून आले.

शिव्या देऊन झाल्या की पुढचं वाच.

सोळा तारखेला सकाळी माझ्या पोटात कळ आली. काही नव्हतं, उपाशीपोटी चहा ढोसल्याने आली असेल. पण मी बाथरूमच्या फरशीवर बसून पायाची बोटं हलवून बघत होते. हलतायत का. परत हलतायत का. मी पडले तर त्या मशीनजवळ कोण उभं राहणार? तू? बाहेर आले तर सुतळी नानांच्या बिछान्यावर ओकली होती, नुसतं पिवळं पाणी. माझ्या डोक्यातली कुठली तरी वायर तुटली. दोघांना पट्टे घातले, बसने शेवटच्या थांब्यापर्यंत नेलं, घाऊक बाजाराच्या मागे गोदामांचा रस्ता आहे तिथे. पट्टे काढले. भोपळ्याला वाटलं खेळायला आणलंय. गोल गोल पळाला, माझ्या पायांवर पडला. मी परतीच्या बसमध्ये चढले. तो पुलापर्यंत बसच्या मागे पळत आला, जिभेचा पट्टा बाहेर काढून. एवढा लठ्ठ कुत्रा इतका पळू शकतो हे मला माहीत नव्हतं.

सुतळी पळाली नाही. जिथे पट्टा काढला तिथे बसून राहिली. तिला समजलं होतं.

कंडक्टरने विचारलं, "ताई, तुमचा आहे का तो?" मी नाही म्हटलं.

सुतारमामांना दोन दिवसांनी समजलं. ते मला कधी मोठ्या आवाजात बोलले नव्हते. म्हणाले, "खुराडं मी बांधलं, सुरीला धार मी लावली. मग मलाही सोडून या गोदामापाशी. मुक्या जनावराने काय केलं तुमचं?"

मी दार लावून घेतलं.

पण ऐक. हॉस्पिटलातल्या नर्सने एक पुठ्ठा केलाय, त्यावर अक्षरं लिहिलीत. एकेका अक्षरावरून बोट न्यायचं, हवं ते आलं की नाना पापण्या मिटतात. पहिल्या दिवशी 'तहान' झालं. मग 'पाठ', म्हणजे पाठ दुखतेय. परवा मी बोट फिरवत होते आणि त्यांनी 'सु' वर डोळे मिटले. म्हटलं, "सुई? सुई टोचतेय?" नाही. मी पुन्हा पहिल्यापासून निघाले आणि 'त' वर आले तेव्हाच माझा हात थांबला. तरी त्यांनी डोळे मिटलेच.

मी म्हटलं, "सुतळी मस्त आहे नाना. शिजवलेलं खाते आता."

छोट्या, लहानपणी बरणीतली साखर खाऊन मी नाही म्हणायची, तेव्हा ते माझ्याकडे जसे बघायचे तसे त्यांनी बघितलं. चेहरा हलत नाही, भुवई हलत नाही, तरी तेच. मग डोळे मिटले. अक्षरासाठी नाही. मिटले ते मिटलेच. कानाच्या बाजूने पाणी ओघळत उशीत गेलं, आणि ते पुसायलाही त्यांच्याकडे हात नाही.

कालपासून ते पुठ्ठ्याकडे बघत नाहीत. नर्सने पुढे धरला की डोळे मिटतात. डॉक्टरने मला बाजूला घेतलं. "काकांनी हाय खाल्लीय. घरी काही झालंय का?"

मी काही नाही म्हटलं. या आठवड्यात मी इतकं खोटं बोललेय, की मला माझाच आवाज ओळखू येईनासा झालाय.

आज सुतारमामांचं दार वाजवलं. त्यांनी टेम्पोची किल्ली घेतली.

भोपळा बसच्या थांब्यावर होता. जिथून मी बसमध्ये चढले तिथेच, माणसांच्या रांगेत बसलेला, तिकीट काढल्यासारखा. चहाच्या टपरीवरची बाई म्हणाली, "तेव्हापासून इथेच आहे हा. प्रत्येक बस आली की उठतो, उतरणारी सगळी माणसं बघतो, परत बसतो." मला बघितलं आणि त्याने भुंकायला हवं होतं, चावायला हवं होतं. त्याने माझ्या पोटात डोकं खुपसलं आणि थरथरत उभा राहिला.

सुतळी मिळाली नाही. अंधार पडेपर्यंत हाका मारल्या.

नानांना उद्या काय सांगू? सहीचं काय करू? तू कुठे आहेस?

ताई


२८ मार्च

छोट्या,

सही केली.

तुला कसं झालं ते सांगायचंय. त्या कागदावर फार काही नसतं. वर पेशंटचं नाव, खाली बारीक अक्षरात काय काय होऊ शकतं ते, आणि त्याखाली एक रेघ. मी चष्म्याच्या काचेवरचा केसाएवढा ओरखडा बघून सांगते, पण मला ती रेघ दिसेना. पेन टेकवायची आणि उचलायची. केलं आणि ते टेबलावरच गेले तर मी मारले. नाही केलं आणि नळीने छाती भरली तरी मीच मारले. डॉक्टर म्हणायची, "उद्यापर्यंत सांगा." मी रोज म्हणायची, "उद्या."

आईच्या ऑपरेशनच्या कागदावर नानांनी तीन दिवस सही केली नव्हती. तू त्याला भेकडपणा म्हणालास. गल्लीसमोर म्हणालास. तेव्हा मीही मनात तेच म्हणाले होते, फक्त माझ्यात बोलायचं धाडस नव्हतं. ते तीन दिवस त्यांनी कुठे बसून काढले हे आपण दोघांनी कधी विचारलं का? मला आता माहीत आहे. त्याच बाकावर. कॉरिडॉरमध्ये एकच बाक आहे.

त्यांची वेळ चुकली, आई गेली. माझी वेळ साधली, नाना टेबलावरून परत आले. यात माझी हुशारी कुठली आणि त्यांचा गुन्हा कुठला, ते तू सांग मला.

आता गळ्यातून नळी आहे. तोंड मोकळं झालं. किती दिवसांनी त्यांचे ओठ दिसले.

सुतळी सापडली. बर्फाच्या कारखान्याच्या वॉचमनने ठेवून घेतली होती. फाटकाशी पोत्यावर पडलेली. पुन्हा सगळं अंग सोललेलं, एक कान सुजून बंद. मी वॉचमनला विचारलं, "ही काय खाते तुमच्याकडे?" तो म्हणाला, "जे मी खातो ते. डब्यातला भात, पाव, अंडं. का, घरी काय पंगतीला बसायची का?" सुतारमामा हसायला लागले, मी पण हसले, आणि हसता हसता त्याच्या फाटकाला धरून इतकी रडले की बिचाऱ्याने मला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

तिला थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. आता जे लिहितेय ते नानांना कधीही, कुठल्याही भांडणात, सांगायचं नाही. शपथ आहे तुला.

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. पाकिटातलं खाणं असताना खाज, कच्ची कोंबडी सुरू केल्यावर बरी, आता वॉचमनचा पाव खाऊन पुन्हा खाज. म्हणाले, "हिला गहू चालत नसावा. पाकिटातल्या खाण्यातही तोच असतो. ते खाणं बंद झालं म्हणून ही बरी झाली. कोंबडी कच्ची होती म्हणून नाही."

मी म्हटलं, "म्हणजे उकडून दिली असती तरी चाललं असतं?"

ते टेबलावरच्या वस्तू नीट लावत बसले. मग म्हणाले, "मी सांगितलं होतं नानांना."

एका कुकरच्या शिट्टीपायी, छोट्या. एका शिट्टीपायी.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात गेले. फोनमध्ये दोघांचा फोटो काढून नेला होता, भोपळा पुढे, सुतळी मागे, कानाला पट्टी. डोळे मिटून पडले होते. म्हटलं, "नाना, मी खोटं बोलले. मी दोघांना सोडून आले होते. परत आणलं. बघा." मग डोळे उघडले. फोटो बघितला. मी पुठ्ठा धरला. बोट फिरवायला लागले. मला वाटलं मला काही तरी लावून बोलतील, आणि मी तयार होते.

'का', 'न'.

"कानाला लागलंय थोडं, भरून येतंय," म्हटलं.

पुन्हा डोळे माझ्याकडे. 'तू'. मग 'जे'. मग 'व'.

तू जेव.

ताई


१४ एप्रिल

छोट्या,

तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. मालक म्हणाले, "तुमचा भाऊ." तुझ्या मागे वारा इतका होता की आधी मला वाटलं कुणी नुसतंच फुंकतंय. पत्रं तुझ्या मागे एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर फिरत राहिली आणि पहिली चार-पाच एकदम हातात पडली, हे तू नंतर सांगितलंस. आधी काय विचारलंस? "ताई, सुतळी सापडली का?"

मी जे ओरडले ते गिऱ्हाइकाने ऐकलं, मालकांनी ऐकलं, रस्त्यावरच्या दोघातिघांनी ऐकलं. "बाप जगला का मेला ते विचार आधी!" वाराच नुसता. मग तू म्हणालास, "तेच विचारायची भीती वाटत होती."

माफ कर. मला समजायला हवं होतं. या घरातले पुरुष एकमेकांची चौकशी कुत्र्यांमार्फत करतात.

फोन तुटला, म्हणून उरलेलं लिहिते. बोट येईपर्यंत पोचेल म्हणाली कचेरीतली बाई.

नाना मशीनवरून उतरलेत. आधी तासभर, मग अर्धा दिवस, आता चार दिवस झाले पूर्ण. बोटं हलतात, मूठ वळत नाही. पाय अजून परक्याचे आहेत. डॉक्टर म्हणते वर्ष लागेल, काठी कदाचित कायमची. कोंबड्या सुतारमामांच्या बहिणीकडे गेल्या, अंड्यांसाठी. नानांना विचारूनच दिल्या. सुतळी उकडलेलं खाते. नानांना मी सांगितलंय की तिची सवय बदलली. तेवढंच सांगितलंय.

परवा त्यांच्या गळ्यातल्या नळीला एक झडप बसवली, तिच्यामुळे बोलता येतं. पण एकेका शब्दाला श्वास पुरवून पुरवून वापरावा लागतो. नर्स म्हणाली, उगाच गप्पा मारायला लावू नका. मी फक्त सांगितलं, "छोट्याचा फोन आला होता. पुढच्या बोटीने येतोय."

ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याला... लिही."

"काय लिहू?"

"तो... बरोबर होता."

मला माहीत होतं कशाबद्दल, तरी विचारलं.

"आईचं," म्हणाले. मग श्वास संपला आणि खाटेशेजारच्या मॉनिटरचा गजर वाजला. नर्सने मला बाहेर काढलं.

लिहीन म्हणून कबूल केलं होतं, म्हणून लिहिलं. पण हे वाचून तुझ्या छातीवरचं ओझं उतरणार असेल, तर बोटीतून उतरूच नकोस. तू बरोबर नव्हतास. नानाही बरोबर नव्हते. तिथे कुणी बरोबर असतं हेच मला आता पटत नाही. तरी ते आजारी शरीरातला एवढासा श्वास काढून तुला हे देतायत, आणि ते तू घ्यायचं नाहीस. त्यांच्या खाटेजवळ बस आणि सांग, "नाना, मी चुकीचं बोललो." मनातून वाटत नसेल तरी सांग. या घरासाठी जेवढं खोटं बोलायचं होतं तेवढं मी बोलून बसलेय. आता पाळी तुझी.

बंदरावर मी येणार नाही, त्या वेळी त्यांना भरवायचं असतं. तू सरळ हॉस्पिटलात ये. दुसरा मजला. दाराशी बेसिन आहे. आधी हात धू, नीट, साबण लावून. मग त्यांचा हात धर. त्यांना अजून पकडता येत नाही, म्हणून सुटला असं वाटेल. तू सोडू नकोस.

ताई